काळी पाच, आणि परत काळी पाच

घरात पेटी असेल तर काढा, नसेल तर फोनवर पियानोचं एखादं फुकट अॅप टाका, दोन मिनिटांचं काम आहे. काळी पाच शोधा. आता ती एकच पट्टी वाजवत राहा, पण शाळेच्या घंटेसारखी नाही, मध्येच थांबून, मध्येच दोनदा पटकन, एखाद्याने दार वाजवावं आणि आतून कोणी उघडत नाही म्हणून परत जरा वेगळ्या ठेक्यात वाजवावं तसं. शेजारी कोणी मोकळं असेल तर त्याला खालचे सूर एकेक पायरी उतरवत न्यायला सांगा. वरची काळी पाच जागची हलत नाही, खालची जमीन मात्र सरकत राहते, आणि त्यामुळे तोच सूर दर वेळी वेगळा ऐकू येतो.

१५ ऑक्टोबर १९४७ ला न्यूयॉर्कच्या एका स्टुडिओत थेलोनियस मंक या जॅझ पियानिस्टने स्वतःच्या नावाची पहिली रेकॉर्डिंग्ज केली, त्यातली एक धून जवळजवळ एवढीच आहे. नाव काय दिलं तिला? ‘थेलोनियस’. स्वतःचंच नाव, आणि चाल म्हणाल तर एक सूर. त्याला तीस पूर्ण होऊन तेव्हा पाच दिवस झाले होते. आता नव्या माणसाची पहिली रेकॉर्ड म्हटल्यावर तुम्ही-आम्ही काय करू, येतं नव्हतं ते सगळं ओतू, तानांवर ताना. हा गडी एका पट्टीवर बसून राहिला.

मी मंककडे उलट्या बाजूने आले. आधी साठच्या दशकातली मोठ्या कंपनीची गुळगुळीत रेकॉर्डिंग्ज, मग मागे मागे जात ब्लू नोट या छोट्या कंपनीची. मनात असं होतं की सुरुवातीचं म्हणजे कच्चं असणार, शोधत असणार, कुठेतरी दुसऱ्या कोणाची नक्कल सापडेल आणि आपण ‘हं, इथून उचललंय’ म्हणून खूश होऊ. तसलं काही मिळालं नाही. १९४७ ते ५२ या पाच वर्षांतली ती सेशन्स म्हणजे शिकाऊ माणसाची वही नाहीच, तिथे माणूस पूर्ण होऊन बसलाय आणि आयुष्यभर जे वाजवणार आहे त्यातला मोठा भाग आधीच मांडून मोकळा झालाय. ‘सुरुवातीची रेकॉर्डिंग्ज’ हे शब्दच इथे फसवे आहेत, सुरुवात मायक्रोफोनची झाली, मंकची कधीच होऊन गेली होती.

ती मायक्रोफोनच्या आधीची गोष्ट थोडक्यात सांगते. जन्म १९१७, नॉर्थ कॅरोलिनातलं रॉकी माउंट, मग १९२२ मध्ये आई मुलांना घेऊन न्यूयॉर्कला, मॅनहॅटनच्या वेस्ट ६३व्या रस्त्यावर. कुमारवयात तो एका धर्मप्रचारक बाईच्या ताफ्यात साथीदार म्हणून गावोगाव फिरला. मेरी लू विल्यम्स, स्वतः जबरदस्त पियानिस्ट आणि कंपोजर, तिने त्याला त्या दौऱ्यातच कॅन्सस सिटीला ऐकलं होतं आणि पुढे तिने स्पष्ट सांगितलंय की त्या वेळी तो भरपूर वाजवायचा, हात चांगला तयार होता. हे लक्षात ठेवा, कारण ‘याला वाजवताच येत नाही’ हे वाक्य पुढे वीस वर्षं त्याच्या मागे लागणार आहे.

मग १९४० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या ११८व्या रस्त्यावरचा मिंटन्स प्लेहाउस हा क्लब. तिथे मंक घरचा पियानिस्ट, ड्रम्सवर केनी क्लार्क, आणि रात्री उशिरा इतर ठिकाणची कामं आटोपून आलेले लोक वाजवायला उभे राहायचे. जेरी न्यूमन नावाचा एक कॉलेजचा पोरगा तबकडीवर रेकॉर्ड करायचं स्वतःचं मशीन घेऊन तिथे यायचा आणि १९४१ मध्ये त्याने जे टिपून ठेवलं ते मंकचं सगळ्यात जुनं उपलब्ध वाजवणं. काही तुकड्यांत पियानोवर नक्की कोण यावर जाणकार अजून भांडतात. पण जिथे मंक आहे असं मानतात तिथे ऐका, उजव्या हाताच्या सरसर धावणाऱ्या ओळी, त्या काळच्या फॅशनप्रमाणे, पियानिस्ट टेडी विल्सनची आठवण यावी अशा. म्हणजे त्याला ते येत होतं. त्याने ते नंतर काढून टाकलं. येत नसणं आणि काढून टाकणं यात फरक आहे, आणि मला वाटतं त्याच्या सगळ्या सुरुवातीच्या रेकॉर्डिंग्जचा गाभा या फरकातच आहे.

इथे माझं पेटीचं प्रकरण सांगायलाच हवं. चौथी ते सातवी मी पेटीच्या क्लासला जायचे, आठवड्यातून दोनदा, सतरंजीवर दहा मुली आणि पाच पेट्या. शेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबल्या गेल्या की बाई मान वर न करता म्हणायच्या, ‘बोट घसरलं गं’. कोणाचं घसरलं ते न बघता त्यांना कळायचं. तो आवाज कानाला कसा लागतो माहितीये ना, दातात वाळू आल्यासारखा. तर मंकची रेकॉर्ड पहिल्यांदा लावली तेव्हा दर दहा सेकंदांनी मला बाईंचा आवाज ऐकू येत होता. बोट घसरलं, परत घसरलं, अरे याचं तर सारखंच घसरतंय. पण एकच धून त्याने दुसऱ्या टेकमध्ये वाजवली तर तिथेही तिथेच, तशीच, तेवढ्याच जोरात. चूक दोनदा एकाच जागी एवढी नेमकी होत नाही.

मला काय वाटतं सांगू का, पियानोला मींड नाही. पेटीलाही नाही, आणि ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली ती तीसेक वर्षं चालली, त्यातलं एक मोठं कारण हेच की दोन पट्ट्यांच्या मधे जे असतं ते तिच्यात सापडत नाही. गळ्याला जमतं, सारंगीला जमतं, ब्लूज गाणाऱ्याला जमतं, पट्टीच्या वाद्याला नाही. मग मधला सूर हवाच असेल तर करायचं काय? दोन्ही शेजारी एकदम दाबायचे, आणि एक पटकन सोडून द्यायचा. जो सूर वाद्यात नाहीच तो ऐकणाऱ्याच्या कानात तयार होतो. माझ्या कानात तरी होतो. हे शास्त्र म्हणून नाही सांगत, पेटी शिकलेल्या बाईचं ऐकणं म्हणून सांगतेय.

असो. स्टुडिओत तो पहिल्यांदा गेला ते १९४४ च्या ऑक्टोबरात, दुसऱ्याच्या सेशनला. कोलमन हॉकिन्स, टेनर सॅक्सोफोनचा तेव्हाचा सगळ्यात मोठा माणूस, त्याने आपल्या चौघांत मंकला घेतलं आणि तबकडीच्या चार बाजू रेकॉर्ड केल्या. क्लबमध्ये लोक येऊन हॉकिन्सला विचारायचे की अरे एखादा पियानो वाजवणारा का ठेवत नाहीस, हा काय वाजवतोय. रोज. हॉकिन्सने नंतर स्वतः ही कटकट सांगितली आहे. तरी त्याने मंकला ठेवलं, आणि ‘फ्लाइंग हॉक’मध्ये जागाही दिली. छोटासा सोलो आहे, पटकन संपतो, पण दोन सेकंदांत ओळखू येतं की हा तोच.

आता गंमत बघा, माणूस स्वतःच्या नावाने रेकॉर्डवर यायच्या आधी त्याच्या धुना येऊन बसल्या होत्या. ‘एपिस्ट्रॉफी’, मंक आणि केनी क्लार्कची, ती ट्रम्पेटवाल्या कूटी विल्यम्सच्या बँडने १९४२ मध्येच वेगळ्या नावाने वाजवून रेकॉर्ड केली. ‘राउंड मिडनाइट’ पण त्याच कूटी विल्यम्सने १९४४ च्या ऑगस्टमध्ये. ‘ऑफ मायनर’ पियानिस्ट बड पॉवेलने १९४७ च्या जानेवारीत, म्हणजे मंकच्या आधी नऊ महिने. आणि ‘राउंड मिडनाइट’च्या खाली कंपोजर म्हणून मंकच्या जोडीला कूटी विल्यम्सचंही नाव चिकटलं, शब्द लिहिणाऱ्याचं तिसरं. बँडलीडरने आपलं नाव लावून घ्यायचं ही तेव्हाची रीत होती, रॉयल्टी वाटून जायची. जॅझमधल्या माणसाने लिहिलेली सगळ्यात जास्त रेकॉर्ड झालेली धून म्हणून तिचं नाव घेतात. वाटे किती पडले असतील आणि पैसा किती, हा हिशोब करू नये, जेवण जात नाही.

तर १९४७. ब्लू नोट ही कंपनी बर्लिनहून आलेल्या आल्फ्रेड लायनने १९३९ मध्ये काढलेली, सोबत त्याचा बालमित्र फ्रान्सिस वुल्फ, तो फोटो पण काढायचा. त्यांना मंक ऐकवला आइक क्विबेक या सॅक्सोफोनवाल्याने. आणि मग या लोकांनी जे केलं ते आजही मला नीट झेपत नाही, ज्याचं नाव कोणी ऐकलेलं नाही, ज्याला दुकानदार हात लावणार नाहीत, अशा माणसाची सव्वा महिन्यात तीन सेशन्स, १५ ऑक्टोबर, २४ ऑक्टोबर, २१ नोव्हेंबर, एकूण चौदा धुना. एक पण बाजारात यायच्या आधी. चौदातल्या दहा त्याच्या स्वतःच्या. तिन्ही वेळा ड्रम्सवर आर्ट ब्लेकी, वय २८, जो पुढे ब्लू नोटचा जणू घरचाच माणूस झाला.

पहिलं सेशन सहा जणांचं, त्यात आल्टो सॅक्सवर सतरा वर्षांचा पोरगा. खरं सांगायचं तर पहिलं सेशन जरा विस्कळीत आहे, वाजवणाऱ्यांना धुना अवघड जाताहेत हे ऐकू येतं, आणि चारातल्या दोन धुना मंकच्या नाहीतच. पण त्यात ‘थेलोनियस’ आहे, ती एका सुराची. मध्येच तो डाव्या हाताने एकदम जुन्या पद्धतीच्या उड्या मारायला लागतो, खाली बास, वर कॉर्ड (म्हणजे तीन-चार सूर एकदम), खाली बास, वर कॉर्ड, याला स्ट्राइड म्हणतात, जेम्स पी. जॉन्सन वगैरे हार्लेमच्या आधीच्या पिढीची चाल. १९४७ मध्ये बीबॉपवाल्या, म्हणजे तेव्हाच्या नव्या वेगवान जॅझवाल्या पोरांना हे म्हणजे आजोबांचं धोतर. हा त्यांचा ‘हाय प्रीस्ट’ म्हणून जाहिरात झालेला माणूस आणि पहिल्याच दिवशी आजोबांचं धोतर नेसून आला, ते पण मजेत.

दुसरं सेशन फक्त तिघांचं, जीन रेमी बासवर. माझ्यासाठी मंकची सुरुवात इथे होते. ‘रुबी माय डिअर’ ऐका, शक्यतो हेडफोन लावून, आणि शक्यतो लोकलमध्ये नको. जुन्या प्रेमातल्या मुलीचं नाव त्या धुनेला आहे. संथ आहे पण रडवी नाही, प्रत्येक ओळ वर चढते आणि वर गेल्यावर तिला कळतं की इथे बसायला जागा नाहीये, मग पुढची ओळ थोडी उंचावरून परत तेच करते. आणि वाजवताना मधल्या रिकाम्या जागा! दुसऱ्या कोणी तिथे चार सुंदर अलंकार टाकले असते. हा थांबतो. तबल्याच्या साथीला बसलेल्या कोणालाही हे कळेल, सम येतेय येतेय आणि गाणारा शांत, आपल्या पोटात गोळा, आणि मग तो सम गेल्यावर अर्ध्या मात्रेने सहज येऊन बसतो जणू तीच जागा ठरलेली होती.

तीन मिनिटांची भानगडही लक्षात घ्या. दहा इंची ७८ ची तबकडी, एका बाजूला साधारण तीन मिनिटं, बस. आपल्याकडे अब्दुल करीम खाँ, केसरबाई, हिराबाई, सगळ्यांनी तासाभराचा राग याच तीन-साडेतीन मिनिटांत बसवला, आणि काही गायकांचं तर मला तबकडीवरचंच जास्त आवडतं, काय सोडायचं हे ठरवायलाच लागतं म्हणून. जॅझमध्ये पण तेच झालं, क्लबात पंधरा-पंधरा आवर्तनं सोलो घेणारे तबकडीवर एका आवर्तनात गुदमरायचे. मंक गुदमरला नाही, त्याला ती मापं जणू शिंप्याकडून घेतल्यासारखी बसली, कारण त्याचा सोलो म्हणजे चाल सोडून भटकणं नसतंच, तो चालच उलटीपालटी करत राहतो, एक बटण काढ, दुसरीकडे लाव.

तिसऱ्या सेशनला पाच जण, आणि अखेर स्वतःच्या हाताने ‘राउंड मिडनाइट’. ट्रम्पेट आणि सॅक्स मागे नुसते हळू सूर धरून आहेत आणि चाल पियानोच सांगतो. इतरांची शेकडो रेकॉर्डिंग्ज आहेत, बरीचशी धुरकट, रोमँटिक, रात्रीचा पाऊस वगैरे. मंकची आवृत्ती कोरडी आहे. मध्यरात्र म्हणजे दिवा चालू, झोप नाही, आणि उद्याचं भाडं. त्याच दिवशी ‘इन वॉक्ड बड’ पण झाली, मित्र बड पॉवेलसाठी. ही अर्विंग बर्लिनच्या ‘ब्लू स्काइज’च्या कॉर्ड्सवर बांधलीय, खालचा सांगाडा तोच आणि वर नवी चाल. तेव्हा सगळेच असं करायचे, कॉपीराइट चालीचा असतो, कॉर्ड्सचा नाही, त्यामुळे दुसऱ्याच्या गाण्याची रॉयल्टी द्यावी लागत नाही. आपल्याकडे जुन्या चालीवर नवे शब्द, तिकडे जुन्या सांगाड्यावर नवी चाल.

रेकॉर्ड्स खपल्या नाहीत. आल्फ्रेड लायनची बायको लोरेन स्वतः पिशवीत रेकॉर्ड्स घेऊन दुकानं फिरायची. हार्लेममध्ये १२५व्या रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या एका दुकानदाराने तिला सांगितलं की बाई, या माणसाला दोन्ही हात डावेच आहेत. ती म्हणाली थांबा, बघाल. १९४८ मध्ये तिने व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबच्या मालकाच्या, मॅक्स गॉर्डनच्या मागे लागून मंकचा आठवडा ठरवला. कोणी आलं नाही. मॅक्स वैतागला. पुढे लोरेनने त्याच मॅक्सशी लग्न केलं आणि तो गेल्यावर २०१८ पर्यंत क्लब चालवला, म्हणजे मंकचा आठवडा फसला पण बाकीचं जमलं म्हणायचं. त्या काळचे मंकचे फोटो विल्यम गॉटलिबने काढलेले आहेत, मिंटन्सच्या पियानोवर, सप्टेंबर १९४७, डोक्याला टोपी, डोळ्याला गॉगल. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आहेत, फुकट बघता येतात, बघाच.

१९४८ च्या जुलैत मिल्ट जॅक्सन आला, व्हायब्राफोन हे धातूच्या पट्ट्यांचं वाद्य घेऊन, आणि मला वाटतं मंकला हवा तसा जोडीदार पहिल्यांदा मिळाला. व्हायब्राफोनचा आवाज गोल, लांबणारा, पियानो इथे खडबडीत, छाटलेला. ‘मिस्टेरिओसो’ हा साधा बारा बारचा ब्लूज, पण चाल म्हणजे एखादं लहान मूल जिना चढतंय, एक पाय वर, एक खाली, एक वर, एक खाली, सगळ्या पायऱ्या एकाच वेगात. माझा नवरा म्हणतो हे लागलं की त्याला कुकरच्या शिट्ट्या मोजाव्याशा वाटतात. जॅक्सन सोलो घेत असताना मागे मंक काय करतोय ते वेगळं ऐका, साथ म्हणून चालत नाहीये तो, मधूनच एक टाचणी टोचतो आणि गप्प. त्याच दिवशीची ‘एव्हिडन्स’ तर नुसत्या टाचण्याच. नावाची पण मजा, मूळ सांगाडा ‘जस्ट यू, जस्ट मी’ या गाण्याचा, ते झालं ‘जस्ट अस’, ऐकायला ‘जस्टिस’, आणि जस्टिसला लागतो एव्हिडन्स. पीजे आहे, पण १९४८ चा आहे.

मग तीन वर्षं ब्लू नोटसाठी काहीच नाही. जुलै १९५१ मध्ये परत जॅक्सन, परत ब्लेकी, आणि एका दिवसात ‘स्ट्रेट नो चेसर’, ‘क्रिस क्रॉस’, ‘फोर इन वन’. ‘स्ट्रेट नो चेसर’मध्ये एकच छोटा तुकडा परत परत येतो पण दर वेळी वेगळ्या मात्रेवर सुरू होतो, कधी एक सूर जास्त, कधी कमी. हाताने टाळी धरून ऐकायचा प्रयत्न करा. मी तिसऱ्या ओळीला सोडून देते.

आणि पुढच्याच महिन्यात गाडीत बड पॉवेलसोबत बसलेला असताना पोलिसांना हेरॉइन सापडलं. मंकने मित्राचं नाव घेतलं नाही असं सांगतात, तुरुंगात गेला, आणि त्याचं कॅबरे कार्ड गेलं. न्यूयॉर्कमध्ये दारू विकणाऱ्या कुठल्याही जागी वाजवायला पोलिसांनी दिलेलं हे कार्ड लागायचं, आणि जॅझ दुसरीकडे कुठे वाजणार, देवळात? १९५७ पर्यंत स्वतःच्या शहरातल्या क्लबमध्ये त्याला नियमित काम करता आलं नाही. चार वर्षांपूर्वी ज्याच्यासाठी ‘बड आत आला’ अशी धून लिहिली त्याच्याचबरोबर हा आत गेला, हे मला प्रत्येक वेळी ती धून लागली की आठवतं आणि ती धून आहे मात्र आनंदी.

मे १९५२ चं स्वतःच्या नावाचं शेवटचं ब्लू नोट सेशन, मॅक्स रोच ड्रम्सवर, चांगलं आहे, ‘कॅरोलिना मून’ या जुन्या गोड गाण्याची त्याने जी गंमत केलीय ती ऐकाच, पण मी ते वारंवार लावत नाही. त्यानंतर कंपनी बदलली, आणि ब्लू नोटचा विषय संपला. १९५७ च्या एका रेकॉर्डवर मात्र कोलमन हॉकिन्स परत येतो, या वेळी मंकच्या हाताखाली, आणि ‘रुबी माय डिअर’ वाजवतो. तेरा वर्षं झाली होती.

गेल्या आठवड्यात मी एक उद्योग केला. मंकचं शेवटचं मोठं स्टुडिओ सेशन लंडनमधलं, नोव्हेंबर १९७१. बासवर अल मॅककिबन, म्हणजे ‘स्ट्रेट नो चेसर’च्या दिवशीचा. ड्रम्सवर आर्ट ब्लेकी, म्हणजे पहिल्या दिवसाचा. ‘क्रिस क्रॉस’, ‘एव्हिडन्स’, ‘मिस्टेरिओसो’, सगळं परत. मी जुनी आणि ही आलटून पालटून लावली, एक १९४८-५१ ची खरखरीत, एक स्वच्छ, आणि मध्ये फोन ठेवून लसूण सोलत बसले. नवीन रेकॉर्डिंगमध्ये हात जरा जड वाटतो, लय किंचित खाली. त्या दोन पट्ट्या मात्र दोन्हीकडे तिथेच घसरतात. नवऱ्याने स्वयंपाकघरात डोकावून विचारलं, हे मघाशी झालं ना? म्हटलं हो, वीस-तेवीस वर्षांपूर्वी.